उचल, नवस आणि सोयरीक : मानवी व्यापाराच्या अभ्यासाची प्रस्तावना

एखादा माणूस त्याच्या जागेवरून हलवला जातो, कुणाच्या तरी ताब्यात दिला जातो आणि त्याच्या श्रमावर, देहावर किंवा लग्नावर तिसराच कुणी पैसा करतो, तेव्हा त्याला मानवी व्यापार म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २००० साली स्वीकारलेल्या पालेर्मो करारात या गुन्ह्याची तीन अंगे सांगितली आहेत. माणूस मिळवणे, नेणे, ठेवून घेणे किंवा हवाली करणे ही कृती. धाक, फसवणूक, अडलेपणाचा फायदा किंवा ज्याच्या शब्दात तो माणूस आहे त्याला दिलेले पैसे हे साधन. आणि शोषण हा हेतू. भारताने हा करार २०११ मध्ये मान्य केला. प्रौढ व्यक्तीच्या बाबतीत ही तिन्ही अंगे दाखवावी लागतात. अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत साधनाचा प्रश्न उरत नाही. मूल शोषणासाठी हलवले गेले, एवढे पुरे. ‘तिची तयारी होती’ किंवा ‘आईबापांनीच दिली’ ही उत्तरे मुलांच्या बाबतीत कायद्यापुढे टिकत नाहीत. गावात मात्र सर्वांत जास्त ऐकू येतात ती हीच.

या व्याख्येत देशाची सीमा ओलांडण्याची अट नाही, पळवून नेण्याचीही नाही. ही गोष्ट पहिल्यांदाच नीट समजून घेतली पाहिजे, कारण लोकांच्या मनातले चित्र नेमके उलटे असते. कोल्हापूरकरांच्या डोळ्यांसमोर अजूनही नव्वदच्या दशकातले बालहत्याकांड येते. मुले पळवून, चोऱ्या करताना त्यांचा ढालीसारखा वापर करून त्यांना मारून टाकणाऱ्या मायलेकींचा तो खटला. कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने २००१ मध्ये त्यांतल्या दोघी बहिणींना फाशी सुनावली आणि २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली. गुन्हा भयंकर होता, पण तो अपवाद होता. अपवादालाच नियम मानण्याची किंमत इतरांनी मोजली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. सप्टेंबर २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यात उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना अशाच संशयावरून मारहाण झाली. अनोळखी चेहऱ्याचा पाठलाग करणारे हेच गाव ओळखीच्या माणसाने दाखवलेल्या कामाची, स्थळाची किंवा आगाऊ पैशांची साधी चौकशीही करत नाही. दक्षिण महाराष्ट्रात माणसांचा व्यापार बहुतेक वेळा घराच्या पुढच्या दाराने आला आहे: उचल देऊन, नवसाच्या नावाने किंवा सोयरीक घेऊन. प्रस्तुत संग्रहाचा हा मुख्य आग्रह आहे.

या व्यवहाराचा इतिहास लांबचा आहे आणि तो मराठी मुलखाला परका नाही. कर्नाटकच्या मोहिमेत असताना १६७७ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी डच व्यापाऱ्यांना जो कौल दिला, त्यात स्त्री-पुरुष गुलाम विकत घेण्यास आणि ते किनाऱ्यावर नेण्यास स्पष्ट मनाई होती. आधीच्या राजवटीत ही मुभा होती, आता ती मिळणार नाही, असे त्यात बजावले आहे. पूर्व किनाऱ्यावरून दुष्काळात माणसे जहाजांत भरून नेण्याचा धंदा तेव्हा जोरात होता, हे लक्षात घेतले की या कलमाचे मोल कळते. पुढे पेशवाईत मात्र कुणबिणींची आणि बटकींची खरेदी-विक्री राजरोस चाले. दुष्काळात विकल्या गेलेल्या, मोहिमांत पकडलेल्या, बदफैलीच्या आरोपावरून सरकारजमा झालेल्या बायका वाड्यांवर आणि कारखान्यांत राबत. १८४३ च्या पाचव्या कायद्याने कंपनी सरकारने गुलामीची कायदेशीर मान्यता काढून घेतली. तोवर दुसरी वाट सुरूही झाली होती. १८३० च्या दशकापासून मुंबई बंदरातून कोकणातली आणि देशावरची माणसे करार करून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर जाऊ लागली. मॉरिशसमधला आजचा मराठी समाज त्यांचाच वंशज. कागदावर तो करार होता आणि अंगठा स्वखुशीचा होता. पण काम सोडून जाणे हा गुन्हा ठरत होता. स्वखुशी आणि सक्ती यांची ही गाठ तेव्हापासून सुटलेली नाही.

देहविक्रयाच्या बाजाराला आकार दिला तो वसाहतीच्या शहराने. इंग्रज शिपायांचे आरोग्य राखण्यासाठी १८६४ च्या छावणी कायद्याने आणि १८६८ च्या संसर्गजन्य रोग कायद्याने बायकांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी सुरू झाली. मुंबईत कामाठीपुरा आणि आसपासच्या गल्ल्या याच काळात ‘तसल्या’ वस्त्या म्हणून पक्क्या झाल्या. युरोपात जोसेफीन बटलर यांनी या कायद्यांविरुद्ध मोहीम उघडली आणि त्यातून १९०४ चा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याचा डोळा फक्त गोऱ्या स्त्रियांच्या व्यापारावर होता. मुंबईतल्या कुंटणखान्यात बाहेरून आणून कर्जात अडकवलेल्या हिंदुस्थानी बायकांची दखल घ्यायला १९१७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी डंकन रोडवरच्या कुंटणखान्यात अकुताई नावाच्या स्त्रीचा छळ होऊन मृत्यू झाला, प्रकरण गाजले, चौकशी झाली आणि काही वर्षांनी, १९२३ मध्ये, मुंबई इलाख्याचा वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा आला. इतिहासकार अश्विनी तांबे यांनी वसाहतकालीन मुंबईवरील आपल्या ग्रंथात या प्रकरणाचा शोध घेतला आहे. कायदे कडक होत गेले तरी बाजार का वाढत गेला, हा त्यांचा प्रश्न आजही तितकाच लागू आहे.

मराठी समाजात याच सुमारास दुसरा, अधिक मुळाशी जाणारा विचार सुरू होता. देवाला मुली सोडण्याच्या प्रथेवर महात्मा फुल्यांनी टीका केली होती. शिवराम जानबा कांबळे यांनी ‘सोमवंशीय मित्र’मधून मुरळी प्रथेविरुद्ध मोहीम चालवली आणि तिची झळ सोसणाऱ्या अस्पृश्य समाजातल्या स्त्रियांना लिहिते केले. विठ्ठल रामजी शिंदे यांनी प्रथेची पाहणी करून लेखन केले. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ पासून प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, वेठबिगार बंद केली आणि १९२० मध्ये जोगत्या-मुरळी प्रथेला आळा घालणारा कायदा केला. या तीन निर्णयांकडे एकत्र पाहिले पाहिजे. शाळेत नसलेले मूल, फुकट राबणारा बाप आणि देवाला सोडलेली मुलगी ही एकाच घरातली माणसे होती, हे त्या दरबाराला समजले होते. नंतरच्या शंभर वर्षांत सरकारी खाती या तिघांना तीन वेगळ्या टेबलांवर पाठवत राहिली.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ ने माणसांचा व्यापार आणि वेठबिगार दोन्हींना एकाच वाक्यात बंदी घातली. कायद्यांनी मात्र त्यांची फारकत केली. १९५६ चा अनैतिक व्यापारविषयक कायदा फक्त देहविक्रयाकडे पाहत होता. १९८६ च्या दुरुस्तीनंतरही त्याचा रोख बदलला नाही. १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा महसूल खात्याच्या वाट्याला गेला. १९८२ मध्ये आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांनी फार महत्त्वाचे सांगितले. किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात, भुकेच्या रेट्याने केलेले काम हेही सक्तीचेच काम होय. दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर वर्मा समितीच्या शिफारशींवरून २०१३ मध्ये दंडविधानाचे कलम ३७० नव्याने लिहिले गेले आणि पीडिताची संमती गैरलागू ठरली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तीच तरतूद कलम १४३ आणि १४४ मध्ये आहे. या कलमांत गुलामी आहे, लैंगिक शोषण आहे, भीक मागायला लावणे आहे. सक्तीची मजुरी नाव घेऊन सांगितलेली नाही. उसाच्या पट्ट्यात ही त्रुटी फार जाणवते.

या विषयाचे संशोधन मुंबईतच सुरू झाले म्हणायला हरकत नाही. पुणेकर आणि कमला राव यांचा १९६२ चा मुंबईतील वेश्यांचा अभ्यास हा या प्रकारचा आरंभीचा मोठा प्रयत्न. त्यात स्त्रियांची घरे, गावे, लग्ने आणि वाट कुणी दाखवली हे विचारले गेले. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या पुढाकाराने सामाजिक शास्त्र संस्थेने देशभर केलेला आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला कृती-संशोधन अहवाल हा दुसरा टप्पा; त्यात बळी, दलाल, कुंटणखान्याचे मालक आणि पोलीस या सर्वांशी बोलून साखळीची रचना मांडली गेली. तिसरा टप्पा रोहिणी साहनी आणि व्ही. कल्याण शंकर यांनी २०११ मध्ये मांडलेल्या पाहणीचा. चौदा राज्यांतल्या ३००० स्त्रियांशी बोलल्यावर असे दिसले की त्यांतल्या पुष्कळ जणी या व्यवसायात येण्याआधी शेतमजुरी, घरकाम, बांधकाम अशी कामे करत होत्या आणि तिथली मजुरी पोट भरण्याइतकी नव्हती. श्रमाच्या बाजारातले शोषण आणि देहाच्या बाजारातले शोषण यांच्यात भिंत नाही, हे या आकड्यांनी दाखवले.

दक्षिण महाराष्ट्रातल्या ज्ञानाला आणखी एक झरा मिळाला, चळवळीचा. १९७५ मध्ये गडहिंग्लजला देवदासींची परिषद झाली. त्या भागातल्या कार्यकर्त्यांनी आणि पुढे निपाणीच्या चळवळीने सौंदत्तीच्या देवीच्या वाटेवरच्या गावांतून जोगतिणींना संघटित केले आणि त्यांच्याच तोंडून व्यवहार समजून घेतला. केसांत जट निघाली की देवीचे बोलावणे आले असे सांगणारा कोण, माळ घालायचा खर्च कुणी केला आणि पुढे मुंबईची वाट कुणी दाखवली, असे ते प्रश्न होते. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांनी हे जग मराठी वाचकाच्या घरात आणले. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी जटा कापण्याचे काम हाती घेतले, ते शास्त्रीयही होते आणि प्रतिबंधाचेही. कर्नाटकाने १९८२ मध्ये आणि महाराष्ट्राने २००५ मध्ये प्रथाबंदीचे कायदे केले. दीक्षेचे जाहीर विधी आज फारसे दिसत नाहीत. ज्या घरांतून मुली जात होत्या त्या घरांची जमीन, मजुरी आणि शिक्षण किती बदलले, हे तपासणारा अभ्यास मात्र प्रत्येक तालुक्यात झाला पाहिजे. विधी थांबला म्हणजे वाट बंद झाली, असे गृहीत धरणे घाईचे ठरेल.

विचारप्रवाहांचे म्हणाल तर ठळक चार दिसतात. पहिला निर्मूलनवादी. देहविक्रय हाच हिंसाचार आहे, त्यामुळे मागणी, दलाली आणि कुंटणखाने मोडले पाहिजेत, असे तो मानतो. कामाठीपुऱ्यात १९८६ पासून काम करणाऱ्या ‘प्रेरणा’ संस्थेने लालबत्ती भागातल्या मुलांसाठी रात्रनिवारा काढून ‘दुसरी पिढी’ या धंद्यात जाऊ न देण्याचे काम केले. तिच्याच याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००२ मध्ये, सुटका झालेल्या अल्पवयीन मुलींना आरोपी न मानता बालन्याय कायद्याखाली संरक्षण द्यावे आणि आरोपींच्या वकिलाने त्यांची बाजू मांडू नये, असा निर्णय दिला. दुसरा प्रवाह हक्कांचा, आणि त्याचे एक महत्त्वाचे केंद्र कोल्हापूरच्या शेजारीच, सांगलीत आहे. १९९२ मध्ये सुरू झालेल्या ‘संग्राम’ संस्थेच्या कामातून १९९६ मध्ये ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. प्रौढ स्त्रीने स्वतः निवडलेले काम आणि तिला विकले जाणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, धाडी घालून सरसकट सर्वांना सुधारगृहात डांबणे हाही अन्यायच, असे या स्त्रिया सांगतात. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दिलेल्या निर्देशांत प्रौढ, स्वेच्छेने काम करणाऱ्या स्त्रियांच्या सन्मानाची आणि त्यांना इच्छेविरुद्ध डांबून न ठेवण्याची भूमिका मान्य झाली. तिसरा प्रवाह श्रमाचा. वसईत विवेक पंडित आणि श्रमजीवी संघटनेने वेठबिगारांच्या मुक्तीतून जी वाट पाडली ती ही, आणि अभ्यासाच्या बाजूने यान ब्रेमन यांचे बारडोलीतल्या खानदेशी ऊसतोड मजुरांवरचे काम या प्रवाहाचा पाया. चौथा गुन्हेगारीशास्त्राचा, टोळी, पैसा आणि साखळी यांचा माग काढणारा.

या प्रवाहांत, विशेषतः पहिल्या दोघांत, तीव्र भांडण आहे आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. अल्पवयीन मुलींच्या बाबतीत दोघांचे एकमत आहे. भांडण प्रौढ स्त्रीच्या निर्णयाविषयी आहे. १९९६ च्या फेब्रुवारीत मुंबईत एका मोठ्या कारवाईत चारशेहून अधिक मुली आणि स्त्रिया सोडवल्या गेल्या, त्यांत बऱ्याच नेपाळच्या होत्या. पुढे त्यांना ठेवायचे कुठे, पाठवायचे कुठे आणि त्यांना काय हवे आहे हे विचारायचे कुणी, याची तयारी कुणाचीच नव्हती. सुटका ही बातमी होते, पुनर्वसन होत नाही, हा धडा तेव्हा मिळाला. ज्या स्त्रीसाठी हे सारे चालले आहे तिला विचारल्याशिवाय घेतलेला निर्णय, कितीही चांगल्या हेतूने घेतला असला, तरी तिच्यावर पुन्हा ताबाच गाजवतो, या मताकडे या संग्रहाचा कल आहे.

या सगळ्या पार्श्वभूमीवर कोल्हापूर जिल्ह्यातल्या पन्हाळा तालुक्याकडे पाहायला हवे. उत्तरेला वारणाकाठ, दक्षिण-पश्चिमेला कासारी आणि कुंभीची खोरी, मधोमध गड आणि जोतिबाचा डोंगर. काळ्या जमिनीत ऊस, गूळ करणारी गुऱ्हाळे, वारणानगर आणि आसुर्ले-पोर्ले येथे साखर कारखाने. हा सधन तालुका आहे आणि इथल्या वाचकाला मानवी व्यापार हा मुंबईचा, फार तर सीमाभागाचा प्रश्न वाटतो. पण ज्या तालुक्यातून माणसे जातात फक्त तिथलाच तो प्रश्न नसतो, माणसे जिथे येतात तिथलाही असतो.

दर दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, धाराशिव, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. कारखान्याकडून तोडणी-वाहतुकीच्या ठेकेदाराकडे, त्याच्याकडून मुकादमाकडे आणि मुकादमाकडून जोडप्याकडे उचल जाते. ती हंगामाच्या आधीच लग्नाला, आजारपणाला, आधीच्या देण्याला खर्च झालेली असते. पहाटे अंधारात फड गाठायचा, ऊस तोडायचा, वाढे छाटायचे, मोळ्या बांधायच्या आणि गाडी रात्री आली तर रात्री भरायची. एक दिवस आजारी पडले तर खाडा धरला जातो. हिशेब मुकादमाच्या डायरीत असतो आणि मजुराकडे त्याचा कागद नसतो. हंगाम संपून पट्टा पडताना उचल फिटली नाही तर ती अंगावर राहते आणि पुढच्या हंगामाला त्याच मुकादमाकडे यावे लागते. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीच्या दिवसांचा खाडा परवडत नाही, हे त्यामागचे एक कारण म्हणून पुढे आले.

प्रत्येक उचल म्हणजे मानवी व्यापार नव्हे, आणि तसे म्हणणे अन्यायाचे होईल. पुष्कळ जोडपी उचल फेडतात, हिशेबाने पैसे घेऊन गावी जातात. रेषा कुठे ओलांडली जाते हे ठरवणारा प्रश्न साधा आहे: या माणसाला आज काम सोडून जायचे असेल तर जाता येईल का? वसुलीसाठी जेव्हा माणूस डांबला जातो, बायको-मुले अडकवून ठेवली जातात, तेव्हा १९७६ चा कायदा लागू होतो. याची दुसरी बाजू कोल्हापूर-सांगलीच्या वाहतूकदारांना चांगली ठाऊक आहे. कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेल्या शेतकऱ्याच्या मुलाकडून लाखोंची उचल घेऊन मुकादम पसार होतो, आणि तो बुडालेला तरुण मग हाती लागेल त्या मजुराकडून पैसे काढू पाहतो. तोही व्यवस्थेने फसवलेला आहे. तरी त्याच्या नुकसानीची भरपाई दुसऱ्याच्या स्वातंत्र्यातून होऊ शकत नाही. वेठबिगारीतून सुटलेल्या मजुरासाठी २०१६ च्या केंद्रीय योजनेत पुरुषाला १ लाख, स्त्री किंवा बालकाला २ लाख आणि अतिशोषणाच्या प्रकरणात ३ लाख रुपयांची तरतूद आहे. त्यासाठी महसूल अधिकाऱ्याचे मुक्ती प्रमाणपत्र लागते. ते कुणाकडे मागायचे, हे बहुतेक मजुरांना माहीत नसते.

फडाच्या कडेला आणखी एक माणूस असतो, त्याची नोंद कुठल्याच डायरीत नाही. दहा-अकरा वर्षांची मुलगी कोपीपाशी बसलेली असते. झाडाच्या फांदीला लुगड्याची झोळी, झोळीत धाकटा भाऊ, चुलीवर भाकरीची तयारी. तिचे नाव मराठवाड्यातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेच्या हजेरीपटावर आहे आणि तिथे तिच्या नावापुढे गैरहजर पडते आहे. फडापासून हाकेच्या अंतरावर पन्हाळ्यातली शाळा आहे आणि तिथल्या पटावर तिचे नाव नाही. दोन हजेरीपटांच्या मधल्या या फटीतून मुले निसटतात. ती कामाला लागतात, लवकर लग्ने होतात, आणि कुणी ‘शहरात चांगले काम आहे’ म्हणाला तर त्याला विचारणारे कुणी नसते. साखरशाळा, गावीच मुले ठेवणारी हंगामी वसतिगृहे, स्थलांतरित मुलांना कुठल्याही शाळेत प्रवेश देणारे शिक्षण हमी पत्रक हे उपाय याच फटीसाठी निघाले. कोल्हापुरात ‘अवनि’ या संस्थेने वीटभट्ट्यांवरच्या आणि ऊसतोड मजुरांच्या मुलांना शाळेत आणण्याचे काम वर्षानुवर्षे केले आहे. नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी भागात २०२२ मध्ये जे उघडकीस आले ते विसरता येणारे नाही: कातकरी आईबापांना एखादी मेंढी आणि काही हजार रुपये देऊन मुले मेंढपाळांकडे राबायला नेली होती. एका मुलीचा मृत्यू झाला तेव्हा बाकीच्यांचा शोध सुरू झाला. ती मुले शाळेच्या पटावरून गेली तेव्हाच कुणी विचारले असते, तर शोध आधी सुरू झाला असता.

सोयरिकीचा प्रश्न पन्हाळ्याच्या स्वतःच्या घरातला आहे. २००१ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या महाराष्ट्रात ९१३ होती, कोल्हापूर जिल्ह्यात ८३९. पन्हाळा तालुका तर जिल्ह्याच्याही मागे होता. जिल्हा प्रशासनाने सोनोग्राफी यंत्रांवर तपासण्यांची नोंद ठेवणारे ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ बसवले, कारवाया झाल्या आणि पुढे आकडा काहीसा सुधारला. पण त्या जनगणनेत जी मुले पाळण्यात होती ती आज लग्नाच्या वयात आहेत आणि त्यांच्या वयाच्या कित्येक मुली जन्मालाच येऊ दिल्या गेल्या नाहीत. ही पोकळी दलाल भरतात. दूरच्या जिल्ह्यातली, परराज्यातली गरीब घरची मुलगी ‘बघून’ दिली जाते, मधल्याला पैसे मिळतात. नवरी दागिने घेऊन पळाल्याच्या बातम्या हसत वाचल्या जातात. त्या मुलीला आधी किती घरांत असेच ‘दिले’ होते, तिच्या कमाईचा वाटा कोण घेतो, ती स्वतः कुणाच्या धाकात आहे का, हे तपासात फारसे विचारले जात नाही. फसवला गेलेला नवरा आणि विकली गेलेली नवरी ही दोघेही एकाच दलालाची गिऱ्हाइके असू शकतात. गर्भलिंगनिदान आणि मानवी व्यापार यांचा अभ्यास एकत्र करण्याची गरज पन्हाळ्याइतकी क्वचितच कुठे स्पष्ट दिसेल.

जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशांच्या यादीतून पन्हाळगड जागतिक वारसा ठरला. पर्यटक वाढतील, लॉज, हॉटेले आणि धाबे वाढतील, आणि कमी पैशात राबणारी पोरे हवीशी होतील. जोतिबाच्या चैत्र यात्रेला लाखोंची गर्दी असते आणि हरवलेल्या मुलांचा प्रश्न दरवर्षी येतो. मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये सांगितले आहे. ‘चोवीस तास वाट बघा’ हे उत्तर देण्याचा अधिकार कुणालाही नाही.

आकड्यांबद्दल सावध राहावे लागते. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात २ कोटी ७६ लाख माणसे सक्तीच्या श्रमात आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात मानवी व्यापाराचे गुन्हे देशभरात २,२५० आहेत आणि बळी ६,०३६. या दोन संख्यांची तुलना करायची नसते, कारण पहिली अंदाज आहे आणि दुसरी केवळ दाखल झालेल्या गुन्ह्यांची मोजणी. ज्या जिल्ह्यात गुन्हे शून्य तिथे प्रश्न नाही असे ठरवणे चूक, आणि जिथे गुन्हे जास्त तिथली पोलीस यंत्रणा कदाचित जास्त जागी. सुधारगृहातल्या मुलींशी बोलून केलेला अभ्यास सर्व स्त्रियांबद्दल बोलू शकत नाही. शिवाय, बालकाची ओळख उघड करणे बालन्याय कायद्याने गुन्हा आहे. गावात पाहणी करणाऱ्या विद्यार्थ्याने फोटो आणि नाव टाळून, आडनाव, वस्ती, शाळा अशा ओळख पटवणाऱ्या खुणाही गाळल्या पाहिजेत. चांगल्या संशोधनाची सुरुवात या संयमापासून होते.

शिक्षण म्हणजे मुलींना ‘अनोळखी माणसाशी बोलू नका’ असे बजावणे नव्हे. तेवढ्यावर थांबलेले जनजागरण भीती वाढवते आणि मुलीचे शिक्षण लवकर तोडते. कामाची बोली करताना मालकाचे नाव, पत्ता, मजुरी आणि परतीची तारीख लिहून घेणे, आधार कार्ड दुसऱ्याच्या हाती न देणे, घरच्यांशी ठरलेल्या दिवशी बोलणे, बोली मोडली तर कुठे जायचे हे ठाऊक असणे, या शिकवता येणाऱ्या गोष्टी आहेत. त्या मुलग्यांनाही शिकवायच्या आहेत, कारण हॉटेलात, यंत्रमागावर आणि वीटभट्टीवर मुलगेही अडकतात. प्रत्येक गावात ग्राम बाल संरक्षण समिती असावी असा शासनाचा निर्णय आहे. सरपंच, पोलीस पाटील, शिक्षक, अंगणवाडी सेविका ही तिची माणसे. अनेक गावांत ती कागदावर आहे. दर नोव्हेंबरात तिने फडावरच्या मुलांची यादी केली आणि दर मेमध्ये गावातून गेलेल्या मुलामुलींची चौकशी केली, तरी पुष्कळ साधेल.

प्रस्तुत संग्रह याच माणसांसाठी आहे. शिक्षक, आशा सेविका, पोलीस पाटील, समाजकार्याचे विद्यार्थी, ऊस वाहतूकदार आणि ग्रामपंचायत सदस्य यांनी तो वाचावा अशी अपेक्षा आहे. इतिहास, कायदा, संशोधनपद्धती आणि गावपातळीवरचे काम या चारही बाजू त्यात येतात. मतभेद जिथे खरे आहेत तिथे दोन्ही मते त्यांच्या बळासह दिली आहेत. बळी ठरलेल्या कुणाचीही ओळख पटेल असा मजकूर त्यात घेतलेला नाही. तयार उत्तरे देण्यापेक्षा आपल्या गावात कोणते प्रश्न विचारायचे हे सुचवण्याचा प्रयत्न आहे, आणि त्या प्रश्नांची उत्तरे वाचकांनीच गोळा करायची आहेत.

ज्यांना हे पुस्तक वाचताना आपल्याच गावातले एखादे मूल आठवेल त्यांनी पुस्तक संपेपर्यंत थांबू नये. बालकांसाठी १०९८ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक चोवीस तास चालतात. सांगणाऱ्याने पुरावा गोळा करण्याची गरज नसते. मूल कुठे आहे आणि कुणाबरोबर आहे एवढे सांगितले तरी यंत्रणेने पुढे जाणे बंधनकारक आहे.